पन्नाशीनंतरची पहिली बंदिश

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कपाटाच्या माथ्यावर किंवा खोलीच्या एखाद्या कोपऱ्यात गवसणीत घातलेला तंबोरा उभा असतो. तो तेथे केव्हापासून आहे, हे मुलांना ठाऊक नसते. कोणी विचारलेच तर उत्तर मिळते, "आई पूर्वी गात असे." या लहानशा वाक्यातील 'पूर्वी' हा शब्द वाचकांनी क्षणभर नीट ऐकावा. लग्नापूर्वी चार-सहा वर्षे गुरूकडे बसून शिकलेली मुलगी पुढे गृहिणी होते, आई होते, सुनेची व मुलीची सारी कर्तव्ये पार पाडते. आणि मुले आपापल्या मार्गाला लागून घर शांत झाले, म्हणजे त्या शांततेत तिला कधीकाळी शिकलेला एखादा राग पुन्हा ऐकू येऊ लागतो. काही जणींना त्याहूनही वेगळे काही ऐकू येते. कोणी शिकवलेली नसलेली, कोणत्याही पुस्तकात नसलेली एक नवी स्वरावली त्यांच्या मनात घोळू लागते.

मग शंका येतात. या वयात हे कसले वेड? गळा पूर्वीसारखा राहिला आहे काय? रचना करणे हे तर मोठमोठ्या खाँसाहेबांचे आणि पंडितांचे काम. त्यात आपला काय पाड? आणि समजा, काही सुचलेच, तर ते ऐकणार कोण?

या शंकांचा विचार आज आपण करू या. त्यासाठी प्रथम थोडे दूर, राजस्थानातील जयपूर शहरी जावे लागेल. कारण महाराष्ट्रातील आणि गोव्यातील कर्तृत्ववान गायिकांच्या एका मोठ्या परंपरेला या शहराने आपले नाव दिले आहे.

जयपूरचे देणे

सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसवलेले हे नगर चौरस रस्त्यांसाठी व गुलाबी भिंतींसाठी सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु तेथील दरबाराच्या छत्तीस कारखान्यांत 'गुणिजनखाना' नावाचा गायक, वादक व नर्तक यांचा एक स्वतंत्र विभाग होता, ही गोष्ट प्रवाशांना सहसा सांगितली जात नाही. त्या विभागात स्त्री-कलावंतही नोकरीस असत. ज्यांनी १७९९ मध्ये हवामहल बांधविला ते सवाई प्रतापसिंह स्वतः 'ब्रजनिधी' या नावाने काव्य करीत, आणि 'राधागोविंद संगीतसार' हा संगीतविषयक मोठा ग्रंथ त्यांच्याच आश्रयाने सिद्ध झाला.

याच जयपूर संस्थानाच्या परिसरात, उनियारा या गावी, १८५५ साली अल्लादियाखाँ यांचा जन्म झाला. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी ते १८९५ मध्ये कोल्हापुरास आले आणि पुढील आयुष्य त्यांनी कोल्हापूर व मुंबई येथे घालविले. १९४६ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या गायकीला आपण 'जयपूर' किंवा 'जयपूर-अत्रौली' घराणे म्हणतो. नाव राजस्थानचे, पण तिची वाढ झाली ती मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या घरांत. आणि ती वाढविण्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा. केसरबाई केरकर १९२१ मध्ये खाँसाहेबांची रीतसर तालीम घेऊ लागल्या, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, गायिका म्हणून नावारूपासही आल्या होत्या. तरीही हाती असलेले बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकण्यास आरंभ केला, आणि ते शिक्षण खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत चालले. गोव्यातील कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी १९३९ मध्ये पती निवर्तल्यावर तीन मुलांचा संसार एकटीने ओढला आणि त्याच हातांनी तंबोरा धरून ठेवला.

गळा थांबला, विचार थांबला नाही

या घराण्याच्या इतिहासात आपल्या विषयाला लागू पडणारी एक मोठी बोधप्रद गोष्ट आहे. अल्लादियाखाँ ऐन उमेदीत असताना आमलेटा या लहानशा संस्थानात त्यांना दिवसामागून दिवस अखंड गावे लागले, आणि त्या अतिश्रमाने त्यांचा मूळचा आवाज गेला. गायकाचा गळा जाणे म्हणजे शिंप्याचे हात जाण्यासारखे होय. कित्येक महिन्यांनी आवाज परत आला, पण तो जुना राहिला नव्हता. तेव्हा खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी नवी गायकी मोठ्या विचाराने घडविली. दुर्मीळ राग त्यांनी पुन्हा प्रचारात आणले, आणि 'अहमदपिया' या मुद्रेने स्वतःच्या बंदिशीही रचल्या. ज्या गायकीला आज आपण परंपरा म्हणून मान देतो, ती मुळात एका माणसाने आयुष्याच्या मध्यावर केलेला दुसरा आरंभ आहे.

हीच गोष्ट पुढे वेगळ्या रीतीने मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्या बाबतीत घडली. त्यांचा जन्म १९३२ चा. तरुणपणीच त्यांचाही आवाज गेला आणि काही काळ गाणे बंद पडले. गाता येत नसलेल्या त्या काळात त्यांनी रागाच्या भावाचा, स्वराच्या अर्थाचा जो विचार केला, तो पुढे त्यांच्या साऱ्या गाण्यात उतरला. त्यांनी स्वतः बंदिशी रचल्या, अभंगांना चाली दिल्या. आणि १९९० मध्ये गोविंद निहलानी यांच्या 'दृष्टी' या हिंदी चित्रपटाचे संगीत दिले, तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. ज्या वयात कार्यालयातील माणसे निवृत्तीचे कागद तयार करू लागतात, त्या वयात एका जगन्मान्य गायिकेने संगीतकार म्हणून नव्या माध्यमात पाऊल टाकले.

आपण कोणी अल्लादियाखाँ अगर किशोरीताई नव्हे, हे खरे. पण या दोन उदाहरणांतून एक साधे सत्य हाती लागते. गायन हे बऱ्याच अंशी शरीराच्या हाती असते. रचना ही मनाच्या हाती असते. मध्यम वयानंतर बहुतेक स्त्रियांचा आवाज किंचित खाली उतरतो, दमसास कमी होतो, वरच्या सप्तकातील चपळाई मंदावते. गायिका म्हणून नव्याने उभे राहू पाहणाऱ्या स्त्रीला या गोष्टी जाचतात. रचनाकार स्त्रीला त्या फारशा जाचत नाहीत. चाल दुसऱ्याला समजेल इतके सुरेल गाता आले, म्हणजे तिचे काम भागते. उलट ऐकण्यात गेलेली वर्षे, शब्दांची समज, सुखदुःखांची ओळख हे सारे वयाबरोबर वाढणारे भांडवल आहे आणि रचनेला ते सारेच उपयोगी पडते.

ज्यांची नावे राहिली नाहीत

'स्त्री आणि स्वररचना' हा काही नवा संबंध नव्हे. जात्यावर बसून पहाटेच्या अंधारात आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या ओव्या गायिल्या, त्या त्यांना कोणी लिहून दिल्या होत्या काय? हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढी मोठी काव्य-संगीतसंपदा ज्या स्त्रियांनी निर्माण केली, त्यांपैकी कोणीही स्वतःला कवयित्री किंवा संगीतकार म्हणवून घेतले नाही. राजस्थानातही घूमर आणि लग्नगीते पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्याच कंठांतून वाहत आली आहेत. आपल्या नाट्यसंगीताने आपलीशी केलेली मांड ही गायकी त्याच भूमीतील.

मग रचनाकारांच्या यादीत स्त्रियांची नावे इतकी थोडी का? त्याचे एक कारण आपल्या संगीताच्या रीतीतच आहे. बंदिशीत रचनाकाराची मुद्रा, म्हणजे त्याचे टोपणनाव, गुंफण्याची प्रथा होती. सदारंग, प्रेमपिया, अहमदपिया ही नावे त्यामुळेच टिकली. ज्या स्त्रीने मुद्रा घातली नाही, तिची रचना 'पारंपरिक' या एका शब्दात विरून गेली.

अगदी अलीकडच्या काळातही नाव पुढे करण्याचा संकोच दिसून येतो. १९६३ च्या 'मोहित्यांची मंजुळा' या मराठी चित्रपटाचे संगीतकार म्हणून 'आनंदघन' असे नाव लोकांनी वाचले. 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांतही तेच नाव होते. १९६५ च्या 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. हे आनंदघन म्हणजे स्वतः लता मंगेशकर होत, हे पुढे सर्वांना कळले. गायिका म्हणून जिचे नाव घरोघरी पोचले होते, तिलाही संगीतकार म्हणून टोपणनावाआड राहावेसे वाटले. त्यांच्याच भगिनी मीना खडीकर यांनी मात्र स्वतःच्या नावाने 'माणसाला पंख असतात' या १९६१ च्या चित्रपटाला संगीत दिले, आणि पुढे त्यांनी चाली दिलेल्या बालगीतांवर मराठी मुलांच्या पिढ्या वाढल्या.

उशिराने आलेली फळे

रचना ही आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर बहरास येईल, याचा नियम नाही. जयपूर घराण्याच्याच अश्विनी भिडे-देशपांडे यांचे उदाहरण पाहा. संगीताच्या तालमीबरोबर त्यांनी जीवरसायनशास्त्रात संशोधन करून डॉक्टरेट मिळविली. मातोश्री माणिक भिडे या किशोरीताईंच्या शिष्या. त्यामुळे घरातच विद्येचा झरा होता. तरीही स्वतःच्या बंदिशींचा 'रागरचनांजली' हा पहिला संग्रह त्यांनी प्रसिद्ध केला तो २००४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि दुसरा भाग २०१० मध्ये. घराण्याच्या थोर बंदिशी हाती असताना नव्या बंदिशी कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना या संग्रहांनीच उत्तर दिले आहे.

किराणा घराण्याच्या प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांची कथा गृहिणी-वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. त्यांच्या मातोश्री इंदिराबाई यांची प्रकृती बरी नसे. गाण्याने मन रमेल, असे कोणी सुचविल्यावरून त्यांनी संगीताचे धडे घेण्यास आरंभ केला. आईचे ते शिकणे थोड्याच दिवसांत थांबले, परंतु शेजारी बसून ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या प्रभाताईंचे मात्र सुरू झाले. पुढे त्या विज्ञान व कायदा या दोन्ही शाखांच्या पदवीधर झाल्या, आकाशवाणीत त्यांनी काम केले, मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख म्हणून १९९२ पर्यंत अध्यापन केले. मारुबिहाग, कलावती इत्यादी रागांतील त्यांच्या बंदिशी आज इतर गायकही गातात. अपूर्व कल्याण, मधुरकंस यांसारखे नवे रागही त्यांनी योजले. म्हणजे एका आजारी आईने घरात पेटी आणविली, त्यातून देशाला एक श्रेष्ठ रचनाकार मिळाली. प्रौढ वयात शिकणारी स्त्री स्वतःसाठीच शिकते असे नाही; घरातील मुलेही ते शिकणे पाहत असतात.

परदेशातील एक उदाहरण तर थक्क करणारे आहे. लंडनमधील मिन्ना कील यांचा जन्म १९०९ चा. तेथील रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत त्या स्वररचना शिकत होत्या. विशीतच घरच्या पुस्तकव्यवसायाला हातभार लावण्यासाठी त्यांनी ते शिक्षण सोडले, आणि मग जवळजवळ पंचेचाळीस वर्षे एकही रचना केली नाही. संसार, नोकरी, निवृत्ती असा क्रम झाला. निवृत्तीनंतर त्या पियानो शिकवू लागल्या. शिष्येची परीक्षा घेण्यास आलेल्या जस्टिन कॉनोली या संगीतकाराने त्यांच्या तरुणपणीच्या रचना पाहिल्या आणि पुन्हा लिहिण्याचा आग्रह धरला. त्यातून त्यांची सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी अनेक भागांत बांधलेली रचना, तयार झाली. १९८९ मध्ये लंडनच्या विख्यात 'प्रॉम्स' महोत्सवात ती वाजविली गेली तेव्हा रचनाकर्तीचे वय ऐंशी होते. जुने कागद त्यांनी फेकून दिले नव्हते, हे या कथेत ध्यानात घेण्यासारखे आहे.

आरंभ कसा करावा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्या भगिनीला रचना करावीशी वाटते, तिने पहिले दोन-तीन महिने केवळ गळा आणि कान पुन्हा जागे करण्यात घालवावे. तंबोरा नसेल तर तंबोऱ्याचे यंत्रही चालेल. पूर्वीची पट्टी आता जड वाटत असेल, तर षड्ज एखाद-दुसऱ्या स्वराने खाली घ्यावा. त्यात कमीपणा मानू नये. शिक्षण अपुरे राहिले असेल तर ते पुढे चालू करावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंत पायरीपायरीने देता येतात आणि नातवंडे असलेल्या विद्यार्थिनीही त्यांना बसतात. जयपूरच्या बाजूस राहणाऱ्या मुलींना वनस्थळी विद्यापीठाचे नाव परिचित असेल. १९३५ साली सुरू झालेल्या त्या स्त्री-शिक्षणसंस्थेत संगीताला आरंभापासून मानाचे स्थान आहे.

नंतर एक लहान बंदिश बांधून पाहावी. उदाहरणार्थ भूप घ्या. सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर. सोपा वाटतो, पण रचनाकाराची परीक्षा पाहणारा. गंधार हा वादी स्वर. तेव्हा सम गंधारावर यावी असे ठरविले, तर रागाचे रूप आपोआप उभे राहू लागते. तेच स्वर घेऊन धैवतावर जोर दिला की ऐकणाऱ्याला देसकार दिसू लागतो. हे भान ठेवणे हाच रचनेतील पहिला धडा. त्रितालाच्या सोळा मात्रांत मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उचलला, तर समेवर पोचण्यास आठ मात्रा मिळतात. तेवढ्या जागेत शब्द मोकळे बसले पाहिजेत. स्थायी मंद्र व मध्य सप्तकात ठेवावी, अंतरा पंचमावरून उचलून तार षड्जाकडे न्यावा, आणि शेवटी मुखड्याशी जोडणारी वाट सहज असावी.

शब्दांच्या बाबतीत एक सूचना. लांबवायच्या स्वरावर 'आ', 'ए', 'ओ' अशा मोकळ्या स्वरांची अक्षरे असावीत; जोडाक्षर आले की गळा अडखळतो. बंदिश ब्रजभाषेतच हवी, असाही हट्ट नको. जिला ब्रजचा सराव नाही तिने ओढूनताणून 'पिया' आणि 'सैंया' जुळविण्यापेक्षा आपल्या मराठीत, आपल्या अनुभवाचे चार शब्द घालावेत. पन्नास वर्षे जगलेल्या स्त्रीजवळ गाण्यास विषयांचा तुटवडा नसतो.

बंदिश झाली, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला तरी शिकवावी. शेजारची मुलगी असो, नात असो वा जुनी मैत्रीण असो. ती जेथे वारंवार चुकते, तेथे बहुधा तिचा दोष नसून रचनेचा असतो. ती जागा दुरुस्त करावी. जी जागा ती स्वयंपाक करताना नकळत गुणगुणू लागते, ती जागा जमली असे समजावे.

यानंतर न चुकता स्वरलिपी लिहून ठेवावी. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रूढ केलेली पद्धत सोपी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. वहीच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घालावी आणि खाली स्वतःचे नाव. शिवाय हल्लीच्या फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवणे सर्वांच्या आवाक्यातले आहे. मिन्ना कील यांचे जुने कागद आठवा.

अर्थार्जन आणि हक्क

व्यवसाय म्हणून याकडे पाहावयाचे तर भाबडेपणा नको. केवळ ख्यालाच्या बंदिशी बांधून कोणाचे घर चालत नाही. मोठ्या गवयांचेही चालले नव्हते. रचनेला मागणी आहे ती तिच्या शेजारच्या क्षेत्रांत. शाळांच्या स्नेहसंमेलनांना नवी समूहगीते लागतात. बालनाट्यांना संगीत लागते. भजनी मंडळांना जुन्या अभंगांच्या नव्या चाली हव्या असतात. जयपूर हे कथ्थकच्या एका प्रमुख घराण्याचेही माहेर. तेथे आणि सर्वत्र नृत्य शिकविणाऱ्या संस्थांना वंदना, तराणे, नृत्यनाटिकांची पदे सतत नव्याने हवी असतात, आणि चांगली रचना करून देणारी माणसे थोडी असतात. आकाशवाणीत गायक-वादकांप्रमाणे संगीतरचनाकारांचीही श्रेणी ठरविण्याची पद्धत आहे. जयपूरचे केंद्र १९५५ पासून चालत आले आहे, महाराष्ट्रातही अनेक केंद्रे आहेत. चाचणीविषयी आपल्या जवळच्या केंद्राकडे चौकशी करावी. याच्या जोडीला चार शिष्या असल्या, म्हणजे मासिक प्राप्तीला थोडे स्थैर्य येते आणि स्वतःच्या रचना गाणारे गळेही मिळतात.

कायद्याची माहिती मात्र प्रत्येक रचनाकर्तीला हवीच. भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. त्यातील मूळच्या व्याख्येप्रमाणे संगीतरचना ही लिहिलेली किंवा छापलेली असणे आवश्यक होते. म्हणजे ज्यांचे सारे ज्ञान कंठात होते त्यांना तो कायदा जवळचा वाटणे कठीण होते. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली. रचना निर्माण होताच हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण तंटा उद्भवल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते. हा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षेपर्यंत चालतो. शब्द आणि चाल या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या कृती आहेत. तेव्हा शब्द दुसऱ्याचे असतील तर त्याची लेखी संमती घ्यावी. राग आणि ताल कोणाच्याही मालकीचे नाहीत. आपण त्यांत बांधलेली विशिष्ट रचना आपली.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाचे संरक्षण दिले. चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रिकेसाठी दिलेल्या रचनेच्या अन्यत्र वापरातून येणाऱ्या मानधनाचा संगीतकाराचा वाटा आता करारात एका सहीने कायमचा काढून घेता येत नाही. असे मानधन गोळा करून वाटण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही संस्था करते. संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात. "आपल्या माणसांतच तर देवघेव आहे, कागद कशाला?" असे म्हणून पुष्कळ स्त्रिया पहिली चाल कोणाच्याही हाती देऊन टाकतात आणि पुढे कार्यक्रमपत्रिकेत स्वतःचे नाव शोधत बसतात. दोन ओळींचा कागद, तारीख, उभयतांच्या सह्या आणि 'संगीतरचना' या शब्दापुढे आपले पूर्ण नाव, एवढे मागणे म्हणजे अविश्वास नव्हे.

घरातील इतरांस दोन शब्द

हा लेख केवळ भगिनींसाठी नाही. रचनेला लागते ती गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही: सलग एक तास. घरातील स्त्रीचा वेळ हा बहुधा तुकड्यांचा असतो. कुकरच्या दोन शिट्यांमधला, दारावरच्या दोन घंटांमधला. गळ्याचा रियाज अशा तुकड्यांत कसाबसा साधतो, पण मनात आकार घेऊ लागलेली चाल एका हाकेने मोडते आणि पुष्कळदा पुन्हा सापडत नाही. पतीने आणि मुलांनी दिवसातून एक तास घरातील सारी कामे आपल्याकडे घेतली, तर ती त्यांची मेहेरबानी ठरणार नाही. आजवर मिळालेल्या कित्येक तासांची ती अल्पशी परतफेड होईल.

दुसरी गोष्ट थट्टेची. "आईला आता संगीतकार व्हायचे आहे," असे हसत बोललेले वाक्य निर्मळ असेलही. परंतु नुकत्याच अंकुरलेल्या गोष्टीला तेवढे ऊन पुरे होते. त्याऐवजी "आज नवीन काय केलेस?" एवढे विचारावे, आणि ती ऐकवील ते शेवटपर्यंत ऐकावे. चुकीची स्तुती करू नये. पण जी जागा आवडली, ती नेमकी सांगावी. श्रोता मिळाला नाही म्हणून जगातील किती रचना पहिल्या ओळीतच थांबल्या असतील, याची गणना कोण करणार?

आणि ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी तिला ठाऊक असलेल्या ओव्या, पाळणे, मंगळागौरीची गाणी तिच्याच आवाजात या आठवड्यात टिपून ठेवावीत. त्यांतील एखादी चाल ती स्वतःची असल्याचे सहज सांगून जाईल. तेव्हा त्या चालीपुढे तिचे नाव लिहावे.

वाचकभगिनींनो, यश मिळेलच, असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. सर्व रचना टिकत नाहीत; थोर रचनाकारांच्याही सर्व टिकल्या नाहीत. परंतु जी लिहिलीच गेली नाही, ती टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढा. तारा गंजल्या असतील, तर नव्या चढवा. जवारी लावून देणारा कारागीर शोधा. पहिले काही दिवस तो लवकर उतरेल, पुन्हा पुन्हा जुळवावा लागेल. तो स्थिर झाला, म्हणजे शेजारी एक कोरी वही ठेवा आणि तिच्या पहिल्या पानावर तारीख घाला.